पाकटाचा काटा

ईरा, चिन्मय,

गुरुवारी तुमचा फोन मी उचलला नाही. तुमची आई घाबरली, तिनं शेजारच्या काकूंना फोन केला, आणि काकूंनी सांगितलं की आजी सकाळीच रिक्षा करून हॉस्पिटलात गेल्यात. झालं, तिकडे तुमच्या घरात रडारड. मला काही झालेलं नव्हतं. साखर ताब्यात आहे, गुडघे होते तसेच आहेत. मी हॉस्पिटलात भांडत होते. गेले होते साध्या कामाला, पण भांडून आले, आणि आज पत्र लिहायला बसले तरी राग उतरलेला नाही.

का, ते फोनवर सांगून कळणार नाही. त्यासाठी एका माणसाबद्दल सांगावं लागेल.

मे महिन्यात तुम्ही आला होता तेव्हा फ्रिजवर एक जाड प्लास्टिकची बरणी होती. तिच्यावर मी ठळक अक्षरांत 'सुया. उघडू नये' असं लिहिलंय. चिन्मय, तू तिचा फोटो काढून मित्रांना पाठवलास, 'माझी आजी कचऱ्यालाही लेबल लावते' म्हणून. लावते. इन्शुलिन टोचून झालं की सुई टोपण न घालता सरळ त्या बरणीत पडते. बरणी पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी लागते आणि ती हॉस्पिटलात पोचवली जाते. घंटागाडीत जात नाही. मी मुळातच टापटिपीची, त्यामुळे ही शिस्त माझी वाटते. पण ती मला लावली आमच्या सर्जननं.

तुम्हाला माहीत आहे, मी पुष्कळ वर्षं अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑफिस सांभाळत होते. इंग्रजी बरं म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे. तिथे हे डॉक्टर होते. थळच्या कोळीवाड्यातला मुलगा, मुंबईत शिकला, मोठमोठी हॉस्पिटलं बघितली आणि परत आला. उंच, काळा, आवाज असा की ऑपरेशन थिएटरमधून बोलले तर माझ्या टेबलावरचे कागद हलायचे. पायात पांढरे रबरी गमबूट, होडीवर खलाशी घालतात तसले. उन्हाळ्यातसुद्धा. आणि हातात लांब लोखंडी चिमटा. तो त्यांच्या आईच्या चुलीचा होता.

इतर डॉक्टर सकाळी राउंडला निघाले की पेशंटच्या खाटेशी जातात. हे आधी कचऱ्याच्या डब्यांशी जायचे. हॉस्पिटलातला कचरा घरातल्यासारखा एका पिशवीत जात नाही. रक्ता-पुवाचा कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. नळ्या, बाटल्या लाल पिशवीत. काच निळ्या खोक्यात. आणि सुई, ब्लेड, जे म्हणून टोचतं-कापतं ते जाड पांढऱ्या पेटीत, जिच्यातून काही आरपार येत नाही. हे सगळं भिंतीवर चित्रांसकट लावलेलं होतं. चित्राखालीच पिवळ्या पिशवीत सुया सापडायच्या. डॉक्टर चिमट्यानं पिशवी उलगडत जायचे आणि मागे सगळ्या सिस्टर रांगेत उभ्या, शाळेत नखं तपासतात तशा.

"पेशंट खोटं बोलतो," ते म्हणायचे, "नातेवाईक खोटं बोलतो, आपण सगळे बोलतो. डबा बोलत नाय."

एकदा चिमट्याला सुई लागली. ती त्यांनी स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि ताटली घेऊन कँटीनमध्ये आले. चहाची वेळ, सगळे डॉक्टर एका लांब टेबलाभोवती, मध्ये कांदाभजी. यांनी ताटली भज्यांशेजारी ठेवली.

"कोनाची?"

चिडले की ते कोळीवाड्यातलं बोलायचे. शांत असले की अगदी पुस्तकी मराठी.

भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "सर, चहा तरी पिऊ द्या."

"प्या की. हिला शेजारी ठेवून प्या. सफाईवाल्या बायका हिच्या शेजारी हात घालून भाकरी कमावतात. तुम्हाला हिच्या शेजारी बसून भजं उचलवत नाय?"

कोणी भज्याला हात लावला नाही. शेवटी एक नवीन, कोवळा डॉक्टर म्हणाला, "सर, माझी असेल. पण मी टोपण घातलं होतं. काळजी म्हणूनच..."

"काळजी? टोपण घालताना तुझ्या बोटात गेली असती म्हणजे? आईनं शिकवलं ना, उघडलं की झाकायचं. दुधाचं भांडं झाक. लोणच्याची बरणी झाक. सुई नाय झाकायची. वापरली की सरळ पेटीत. जेवढा वेळ ती तुझ्या हातात, तेवढा वेळ ती तुझी. नंतर तुझी नाय असं समजतोस, तिथं तू चुकतोस."

तो पोरगा रडायच्या बेताला आला. डॉक्टरांनी एक भजं उचलून त्याच्या बशीत टाकलं आणि निघून गेले. माफी वगैरे नाही. ते कोणाचीच माफी मागायचे नाहीत, आभारही मानायचे नाहीत. माणूस म्हणून त्यांच्याबरोबर राहणं कठीणच होतं. उद्धट होते. केस रंगवायचे आणि ते नैसर्गिक आहेत असं सांगायचे. दुसऱ्यानं गोष्ट सांगायला घेतली की मध्येच तोडून स्वतःची सांगायचे. टाके घालायला त्यांना एका ठरावीक जातीचा निळा दोराच लागे, आख्ख्या हॉस्पिटलात तो फक्त त्यांच्यासाठी येई, आणि तो संपला तर स्टोअरच्या माणसाचं काही खरं नसे. आमच्याकडे एकदा जेवायला आले तर तुमच्या आजोबांशी दोन शब्द बोलण्याआधी स्वयंपाकघराचा खण उघडून सुऱ्या कशा ठेवल्यात ते बघितलं. सगळ्या पाती एका दिशेला होत्या. "बरं," म्हणाले. आयुष्यात त्यांच्याकडून मला मिळालेली तेवढी एकच शाबासकी.

त्यांची एक म्हण होती. म्हणजे त्यांची नाही, त्यांच्या वडिलांची. पाकट नावाचा मासा तुम्ही बघितला नसेल. सुपासारखा पसरट, आणि शेपटीला विषारी काटा. तो लागला की तरणाताठा खलाशी होडीत लोळतो. जाळ्यात पाकट आलं की थळचे लोक पहिलं काम काय करतात, तर काटा मोडतात. कोण मोडतो? ज्याच्या हाताला ते पहिल्यांदा लागतं तो. पुढच्याकडे सरकवायचं नाही, 'बघ रे, पाकट आहे' एवढं सांगून मोकळं व्हायचं नाही. कारण पुढचा अंधारात जाळ्यात हात घालणार आणि त्याला दिसणार नाही.

"ज्याच्या हाताला पाकट, काटा त्यानंच मोडायचा," डॉक्टर म्हणायचे. "माझ्या अडाणी बापाला हे कळत होतं. तुमच्या एम.डी.ला कळत नाय."

दर थोड्या दिवसांनी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहायचे. बसायचे नाहीत. "बाई, लिहा. अध्यक्षांना." मग मराठीत तोफ सुरू. सुयांच्या पेट्या स्टोअरमध्ये कुलपात का? चोरीला जातात म्हणून? कोण चोरणार, लग्नात आहेर द्यायला? 'पिशवी पूर्ण भरल्याशिवाय नवीन मिळणार नाही' हा हुकूम कोणी काढला? पाऊण भरली की बांधायची असा नियम आहे तो भिंतीवर शोभेला लावलाय का? आणि सफाईच्या बायका ठेकेदाराच्या म्हणून त्यांना काविळीची लस नाही, तर मग कावीळ त्यांना ओळखपत्र विचारून येते का?

मी ते इंग्रजीत उतरवून द्यायचे. ते वाचून चष्मा कपाळावर चढवायचे. "बाई, सगळं आलंय. पण मी कुठाय यात? हे तर कोणा सभ्य माणसानं लिहिलंय."

"अध्यक्ष सभ्य भाषेतलंच वाचतात, डॉक्टर."

"वाचतात आणि मग काय करतात?"

अध्यक्ष वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. गोरे, मऊ बोलणारे गृहस्थ, अलिबागेत सगळ्या समारंभांना पहिल्या खुर्चीवर. "आपले डॉक्टर म्हणजे तळमळीचा माणूस," असं हसून म्हणायचे. तळमळ हा शब्द माझ्या मनातून तेव्हापासून उतरला. एखाद्याचं म्हणणं ऐकायचं नसलं की त्याला तळमळीचा म्हणतात.

आता रंजनाचं सांगते.

रंजना सफाईला होती, ठेकेदाराकडून आलेली. तिशीची, काटक, हसरी, दोन मुलींची आई. माहेर पेणकडचं, मिठागरातलं. लहानपणापासून मीठ भरलेलं. मिठाची गोण भरताना वर गुडघा रोवून ठासतात, म्हणजे आणखी चार पाट्या बसतात. ढिली गोण म्हणजे माहेरची अब्रू गेली. इकडे हॉस्पिटलात हुकूम काय, तर पिशवी पूर्ण भरा. मग रंजना काय करणार? पिवळी पिशवी अर्धी झाली की तोंड मुठीत धरायची, वर गुडघा टेकायची आणि दाबायची. तिच्या पिशव्या सगळ्यांत घट्ट. मुकादम इतर बायकांना दाखवायचा, "हिच्याकडून शिका." डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि व्हरांड्यातून ओरडले, "अगं ए, ते मीठ नाय!" ती लाजून हसली. डॉक्टर समोर असले की दाबायची नाही. मुकादम समोर असला की दाबायची.

एके दिवशी ती लंगडताना दिसली. मी विचारलं तर म्हणाली, पडले. दुसऱ्या दिवशीही लंगडत होती. मी तिला ऑफिसात बोलावून दार लावलं, तेव्हा तिनं साडी वर केली. गुडघ्याजवळ सूज होती, मध्ये काळा ठिपका.

"पिशवीतली सुई गेली, बाई. चार-पाच दीस झाले."

"आणि सांगितलं नाहीस?"

"मुकादमाला सांगितला ना. तो बोलला, औषध लाव नि गप ऱ्हा, बोललीस तर उद्यापासून नको येऊस. मी घरी ऱ्हायले तर पोरींना काय घालू?"

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले नाहीत. तिचा गुडघा बघितला, हात धुतले, गाडीची चावी घेतली आणि तिला स्वतःच्या शेजारी बसवून अलिबागला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तपासण्या, इंजेक्शनं, सगळं उभं राहून करून घेतलं. पण इतके दिवस गेलेले. यातली काही औषधं टोचल्याबरोबर, तासांत द्यायची असतात. आणि लस तर तिला आधी कधीच मिळायला हवी होती.

इकडे हॉस्पिटलात कुजबुज सुरू. कुजबुज अशी नाही की सुई कोणी टाकली. कुजबुज अशी की हिनं पिशवी दाबली कशाला? नियम माहीत नाही? ज्या सिस्टर भिंतीवरच्या चित्राखाली सुया टाकत होत्या, त्याही म्हणाल्या, दाबली कशाला. ठेकेदारानं सांगितलं, कामगाराची स्वतःची चूक असेल तर औषधपाण्याची जबाबदारी आमची नाही, आणि कामावरूनही कमी करावं लागेल. अध्यक्ष म्हणाले, दुर्दैवी प्रकार, पण पिशवी दाबणं नियमाबाहेरच. हुकूम त्यांचाच होता, पोरांनो. पूर्ण भरा, हा हुकूम. मुलांना उपाशी ठेवायचं आणि मग हावरटासारखं खातात म्हणून फटकवायचं, तसला न्याय.

म्हणजे रंजनाची गाठ दोन गोष्टींशी पडली होती. अंगात रोग शिरला की नाही ते कळायला महिने लागणार होते. आणि सुई कोणाची, हे कोणी कबूल केलं नाही तर दोष तिच्याच माथी बसून काम आणि उपचार दोन्ही जाणार होते.

डॉक्टरांनी दुसऱ्याच सकाळी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर, सिस्टर, मुकादम, सफाईच्या बायका, मी. अध्यक्षांनाही घरून बोलावून आणलं. टेबलावर एक पिवळी पिशवी ठेवलेली, तोंड बांधलेली, टम्म फुगलेली. डॉक्टर गमबुटांसकट टेबलाच्या टोकाला उभे.

"ही दाबा," ते म्हणाले.

कोणी हललं नाही.

"दाबा की. ती रोज दाबते. गुडघ्यानं दाबते. तुम्ही हातानं दाबा. अध्यक्ष साहेब, तुमच्यापासून सुरू करू या, मानाचा विडा तुम्हाला."

अध्यक्ष हसले. "डॉक्टर, ही काय पद्धत झाली?"

"भूलवाले, तुम्ही? सिस्टर? चला, नुसतं बोट लावा."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ग्लोव्हज आणू का, सर?"

"तिला दिले होते?"

सिस्टर खाली बसल्या. डॉक्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत टेबलाभोवती फिरले. मग त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि ती टेबलावर उलटी केली. नुसता कापूस. कोरा, पांढराशुभ्र, कारखान्याच्या गुंडाळीतून नुकता काढलेला. टेबलभर पसरला, थोडा अध्यक्षांच्या मांडीवर पडला.

"मीच भरला सकाळी," ते म्हणाले. "कापसाला भ्यालात तुम्ही. कारण यात काय असू शकतं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिला सांगता, दाबली कशाला. तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तुम्ही दाबली नाय. आता ज्याची सुई होती त्यानं पुढं यावं. पाकट ज्याच्या हाताला लागलं त्यानं."

कोणी पुढे आलं नाही. मी सगळ्यांना ओळखत होते, एकेकाच्या घरची लग्नं-बारशी जेवले होते, आणि त्या क्षणी मला सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात मागून रंजना उठली. कमरेची चंची सोडून तिनं त्यातून एक छोटी पितळी डबी काढली. कुंकवाची. "हीच ती, डाक्टर. मी काढून ठेवली व्हती. कोणाच्या पायात जायाला नको म्हनून."

डॉक्टरांनी डबी उघडली. आत चंद्रकोरीसारखी वाकडी सुई, टाके घालायची. आणि तिच्या मागच्या टोकाला दोऱ्याचा एक तुकडा. निळा.

मला तो दोरा माझ्या जागेवरून दिसत होता. स्टोअरच्या माणसालाही दिसला असणार, कारण त्यानं मान खाली घातली. डॉक्टरांनी डबी बंद केली. पुन्हा बोलले तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक होता की मागच्या बायका पुढे सरकल्या.

"माझी," ते म्हणाले.

पुढे त्यांनी मला सांगितलं. रेवदंड्याच्या एका खलाशाचा हात दोरखंडानं फाटला होता, त्याला टाके घालत होते. पेटी भरून गेली होती, नवीन मिळाली नव्हती. मध्येच कोणी हाक मारली म्हणून सुई कापसाच्या बोळ्यात टोचून ठेवली. त्यांचे वडील जाळं सांधताना मध्येच उठले की सुई जाळ्यातच खोचून ठेवायचे, म्हणजे हरवत नाही. हाताला ती सवय लहानपणापासूनची. बोळा सिस्टरनं उचलला आणि पिवळ्या पिशवीत टाकला.

'पेटी नव्हती' हे त्यांनी त्या खोलीत सांगितलं नाही. मी तरी उठून सांगितलं. "पेटी कुलपात होती," मी म्हणाले, "आणि त्याची किती पत्रं मी स्वतः पाठवलीत." अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि माझं बोलणं संपायच्या आत उभे राहिले. मांडीवरचा कापूस झटकला. चेहऱ्यावर असा मोकळेपणा की सांगता सोय नाही.

"डॉक्टरांनी मोठ्या मनानं चूक कबूल केली आहे," ते म्हणाले. "याला मन लागतं. आता हा विषय इथेच संपवू या."

"संपला कसा?" डॉक्टर म्हणाले. "सुई माझी. पेटी कोणाची? हुकूम कोणाचा? लस कोणाची?"

"ते आपण नंतर सवडीनं बघू."

आणि सगळे उठले. मुलांनो, माझा राग तुम्हाला समजावा म्हणून हे लिहितेय. त्या खोलीत एका माणसानं आपला काटा मोडला, आणि बाकीच्यांनी आपापले काटे गुपचूप त्याच्या ताटात सारले. सगळ्या हॉस्पिटलाची घाण एका निळ्या दोऱ्याला पुसून झाली. महिन्याभरात त्यांना 'प्रकृतीस विश्रांती' म्हणून निरोप दिला गेला. पेट्या कुलपातच राहिल्या. आणि रंजना? चूक डॉक्टरची ठरली तर तिचं काम तरी टिकायला नको का? ठेकेदारानं ठेका नव्या नावानं घेतला आणि नव्या यादीत तिला घेतलं नाही.

जाण्याआधी डॉक्टर माझ्या टेबलाशी आले. "बाई, लिहा. अध्यक्षांना." या वेळी मी इंग्रजी केलं नाही. बोलले तसं, कोळीवाड्याच्या शिव्यांसकट, मराठीत टाइप केलं आणि वाचून दाखवलं.

"आता मी आहे यात," ते म्हणाले.

दोन-अडीच महिन्यांनी रंजनाचे डोळे पिवळे झाले. त्या खलाशाला बोलावून रक्त तपासलं होतं. त्याच्यात 'बी' जातीची कावीळ निघाली, त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. रंजना मरता मरता वाचली. बऱ्याच जणांच्या अंगातून हा रोग निघून जातो, तिच्या अंगातून गेला नाही. गोळ्या आणि तपासण्या जन्मभरासाठी मागे लागल्या. डॉक्टर दर रविवारी थळहून तिच्या घरी जायचे, ओट्यावर बसायचे, तिला तेलकट खाल्लंस का म्हणून झापायचे आणि मुलींचे पाढे घ्यायचे. तिची माफी त्यांनी मागितली की नाही, मी तिला एकदा विचारलं होतं.

"नाय," ती म्हणाली. "पन ते डबी घेऊन गेले. म्हनाले, हिला माझ्या घरात ऱ्हाऊ दे."

आणि त्यांनी आणखी एक केलं. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, आंब्याच्या झाडाखाली एक स्टूल टाकलं. बर्फ घातलेली थर्माकोलची पेटी घेऊन बसले, मासळी बाजारात असते तसली. आत काविळीच्या लसी, पदरच्या. कामाची पाळी सुटली की सफाईच्या बायका फाटकातून बाहेर येत आणि रांगेत उभ्या राहत. अध्यक्षांनी वॉचमनला पाठवलं.

वॉचमन म्हणाला, "साहेब बोलतात इथं बसू नका."

"रस्ता सरकारचा आहे. तुझी बाही वर कर."

"मी वॉचमन आहे, डॉक्टर."

"कचरा तुझ्या फाटकातूनच जातो ना? वर कर."

असे पुष्कळ वर्षं बसले. नवी बाई कामावर लागली की जुन्या बाया तिला आधी झाडाखाली धाडायच्या. गेल्या पावसाळ्यात ते गेले. झाड आहे. स्टूल कोणीतरी चहाच्या टपरीला नेलं.

आता गुरुवार.

माझी बरणी भरली होती, ती घेऊन मी हॉस्पिटलात गेले. आत शिरताच समोर भिंतीवर डॉक्टरांचा मोठा फोटो, हार घातलेला. खाली लिहिलंय, 'स्वच्छतेचा ध्यास घेतलेले आमचे डॉक्टर'. अध्यक्षांची खुर्ची आता त्यांच्या मुलाकडे आहे. फोटोत पायांत चकचकीत बूट आहेत. गमबूट पुसून टाकलेत.

काउंटरवर एक गोड सिस्टर होती. "द्या, आजी," म्हणाली. मी दिली. तिनं चिकटपट्टी सोलली, झाकण फिरवलं आणि सगळ्या सुया शेजारच्या पिवळ्या पिशवीत ओतल्या. मग बरणी नळाखाली विसळून, पदर असता तर पुसूनही, माझ्यापुढे ठेवली.

"इतकी छान बरणी, आजी. कशाला फेकता? लाडू भरा."

कोणाचा डबा आला की धुऊन परत करायचा असतो, एवढं आपल्याला सगळ्यांना शिकवलेलं असतं. तिला वाटलं, ती माझ्याशी चांगलं वागतेय.

पोरांनो, मी आयुष्यात आवाज चढवलेला नाही, तुमच्या आईला विचारा. गुरुवारी चढवला. आख्खा व्हरांडा गोळा झाला. कोणी म्हणालं, आजी, शुगर वाढेल. मी म्हटलं, वाढू दे. तोवर सफाईची बाई पिशवी न्यायला आली, नवीनच होती, विशीतली. तिनं पिशवीच्या तोंडाला हात घातला. मी तिचं मनगट धरलं.

"लस घेतलीस का ग?"

"कसली लस, आजी?"

मी फोटोखालच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, अध्यक्षांना बोलवा, तोवर ही पिशवी माझ्या समोरून हलणार नाही. मग रंजनाला फोन केला. ती आता बाजाराच्या तोंडाशी पांढऱ्या कांद्याच्या माळा विकते. दुकान शेजारणीवर टाकून आली. त्या फाटकातून ती इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आत आली. माझ्या शेजारी बसली, फोटोकडे बघितलं, "बूट कवा घातले यांनी?" म्हणाली, आणि मग त्या पोरीला हात धरून मध्ये बसवलं.

"बस हितं. कसली लस ते मी सांगतंय तुला."

आणि तिनं सांगितलं. गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंत, सगळं, व्हरांड्यातल्या लोकांना ऐकू जाईल असं. मी बॅगेतून विणकाम काढलं. फोन पर्समध्ये वाजत होता, तो तुमचा होता.

अध्यक्षांचा मुलगा दुपारनंतर आला. बापासारखाच मऊ. "आजी, तुम्ही घरच्या. घरी जा, करतो सगळं."

"करा. मी बसते."

ऊन उतरलं तेव्हा मोठ्या सिस्टर लांब चिमटा घेऊन आल्या आणि सुया एकेक करून पांढऱ्या पेटीत टाकल्या. पेटी कुलपातूनच आणावी लागली. त्या पोरीला लस दिली. बाकीच्या बायकांना सोमवारी देऊ म्हणाले, सोमवारी मी आणि रंजना जाऊन बसलो, दिली.

या लशीचा दुसरा डोस महिन्यानं असतो. त्या दिवशीही मी फोन उचलणार नाही. घाबरू नका.

तुमची,
आजी